साठच्या काट्यावर

पन्नासपर्यंत काही नाही.
पंचावन्नला गिअरच्या दांड्यावरचा गोळा गुणगुणायला लागतो
आणि साठला, विल्होळीच्या सरळ रस्त्यावर,
आरशातला पांडवलेण्यांचा डोंगर
एकाचे दोन होतो.
सत्तरला पुन्हा एक.

मागे काचा असतात माझ्या, उभ्या,
पोत्याच्या चिंध्यांत कडा गुंडाळलेल्या,
अंबडहून घोटीच्या कुणाच्या तरी खिडक्यांसाठी निघालेल्या.
साठला त्या दात वाजवतात.
फेब्रुवारीत एक गेली. आवाजही नाही झाला,
उतरवताना कोपऱ्यातून एक केस निघालेला दिसला फक्त.

चाकं बॅलन्स केली. दोनदा.
पुढचे टायर मागे, मागचे पुढे.
इंजिनाखालची रबरं बदल, म्हणाला एक. बदलली.
मग वडाळा नाक्यावर अन्वरमिस्त्री
हातातली चहाची काच खाली न ठेवताच म्हणाले,
"साठला न्यूट्रल कर, आणि ऐक."
केलं.
इंजिन खाली बसलं, पुटपुटत राहिलं आपलं आपण.
थरथर मात्र तशीच, सीटखालून, कण्यातून.
"मग इंजिनाला शिव्या देऊ नकोस."

पुठ्ठा टाकून मीही शिरले गाडीखाली.
सोहेलने शाफ्ट धरून पिळला: टक्.
टक् म्हणजे क्रॉस.
चार वाट्यांतल्या तीन ओल्या,
चौथी उघडली तर आत सुयांच्या जागी
तिखटासारखी लाल पूड.
एवढीशी वाटी. तिच्यापर्यंत ग्रीस पोचलंच नव्हतं कधी.

नवा क्रॉस, नवे लॉक, साडेआठशे रुपये.
पेढे घ्यायचेच बाकी होते.
साठ.
डोंगर अजून दोन.
जरा जवळ आले होते एकमेकांच्या, इतकंच.

अन्वरमिस्त्री या खेपेला स्वतः आडवे झाले.
बॅटरी दातात धरून
शाफ्टच्या सांध्यावरचा काळा थर बोटाने पुसत गेले, पुसत गेले,
थांबले.
एक बाण इथे.
त्याच्या जोडीचा बाण तिथे, दोन बोटं सरकून.
"दोन्ही टोकांनी एका पंक्तीत बसायला पाहिजे,
म्हणजे एकाचा हेलकावा दुसरा खातो.
हे तर एकमेकांकडे पाठ करून बसलेत.
जोडला कुणी?"

गेल्याच्या गेल्या दिवाळीत, अंगणात,
सेंटर बेअरिंग टाकायला भाऊंनी शाफ्ट उतरवला होता.
अंधारून आलं होतं. मी बल्ब आणते म्हटलं.
"राहू दे, हाताला दिसतं मला."
मी पाने देत होते, चौदाचा, सतराचा.
बाणांचं मला तेव्हा माहीत नव्हतं.
त्याच हिवाळ्यात त्यांनी पेपर वाचायचं सोडलं,
काही नसतंच त्यात, म्हणाले.
आईला वडील नाहीत तर भाऊच म्हणायचे आम्ही,
म्हणजे तिनेही, सगळ्या गल्लीनेही,
आणि कुणीच विचारलं नाही त्यांना
समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. "जुनी गाडी आहे."
मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग बाणाकडे.
"असेल."

बाणासमोर बाण. लाकडी हातोडीचे चार ठोके.
सोहेल पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आला खूण करायला.
मी म्हटलं, रंग नको,
पंचने टिंब पाड दोन्हीकडे.
अंगठ्याला लागेल असं.
मिस्त्रींनी पंच त्याच्या हातातून घेतला
आणि स्वतः मारला, नीट, खोल.

रविवारी भाऊंना शेजारी बसवलं.
काचा नव्हत्या, नुसत्या चिंध्या मागे.
विल्होळी गेली. त्यांनी पंजा डॅशबोर्डवर सपाट ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"किती?"
"साठ."
"खोटं बोलतेस."
आरशात एकच डोंगर.

बराच वेळ हात काढला नाही.
मग म्हणाले,
"सेंटर बेअरिंग मी टाकलेलं ना?
टिकलं बघ."
मी हो म्हटलं.
ते टिकलंच होतं.